उघड्या पेटीचा दिवस

आकडा अगदी बरोबर होता. छोट्या, फ्रिजसारख्या कूलरच्या काचेच्या दारावर बाहेरून चिकटवलेल्या पडद्यावर सासष्ट टक्के आर्द्रता आणि एकोणीस अंश तापमान दिसत होतं. गेले कित्येक महिने श्रावस्ती रोज सकाळी चपला घालताना तेवढंच बघून घराबाहेर पडत आली होती, गॅस बंद आहे ना एवढं बघून कोणी निघावं तसं. आत डोकावायची गरज नव्हती. आत काय आहे हे तिला माहीत होतं, आणि ते आहे तसंच आहे हे आकडा सांगत होता. आज रविवारी मात्र तिने दार उघडलं, आतली बाबांची चिरुटांची लाकडी पेटी बाहेर काढून दिवाणखान्यातल्या फरशीवर ठेवली, झाकणाच्या फटीवरची चिकटपट्टी नखाने सोडवली, झाकण वर केलं आणि खाली वाकून श्वास घेतला. पेटीतून कडुनिंबाचा वास आला.

तिला वाटलं, बाल्कनीचं दार उघडं आहे, बाहेरून आला असेल. पण गाझियाबादच्या या सोसायटीत नवव्या मजल्यापर्यंत पोचेल असा कडुनिंब कुठेही नव्हता. तिने दार लावलं, पंखा बंद केला, थोडं थांबून पुन्हा वाकली. कडुनिंबच. वाळलेला, किंचित गोडसर, घशाच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा. तिने चिरूट अलगद बाजूला सरकवले तेव्हा खाली पाला दिसला: तपकिरी पडलेली, कुरकुरीत पानं, एकेक काडीवरून ओरबाडून नीट पसरलेली, गव्हाच्या डब्याच्या तळाशी अंथरतात तशी. असा पाला कोण अंथरतं हे या घरात विचारायची गरज नव्हती. तरीही ती थोडा वेळ तशीच मांडी घालून बसून राहिली, पेटीच्या कडेवर दोन्ही हात ठेवून. आपल्याला राग आला आहे हे तिला कळत होतं, पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी थंडगार होतं आणि त्याला हात लावायची तिची तयारी नव्हती. तिला जो वास हवा होता तो तिला पाठ होता. देवदाराचं लाकूड, जुन्या घड्याळाचा चामडी पट्टा, मनुका, आणि उन्हात पडलेल्या कडब्याची थोडीशी ऊब. बाबा गेल्यापासून पावणेदोन वर्षं ती हा वास सांभाळत होती. त्यांचे शर्ट आईने धुतले, स्वेटर गावाकडे वाटले गेले, उशीचा अभ्रा बदलला गेला. पेटी तेवढी राहिली. आणि आर्द्रता सांभाळणं हेच तर तिचं काम होतं. मानेसरच्या ज्या प्रयोगशाळेत ती नोकरी करते तिथे दिवसभर तेच चालतं: कारखान्यांतून आलेले आर्द्रतामापक मिठांच्या संपृक्त द्रावणांवर ठेवायचे, ते किती खोटं बोलतात ते बघायचं आणि तसा शिक्का मारून परत पाठवायचं. अशा मुलीच्या घरी पेटीची हवा बिघडणं शक्यच नव्हतं. आणि ती बिघडलीही नव्हती. सासष्ट टक्के.

"आई," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "पेटीत कडुनिंब तू टाकलास?"

"हो." आई स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होती. "का गं?"

"का गं काय? चिरूट आहेत ते आई, गहू नाहीत."

"मग? किडा काय बघून लागतो का, गहू आहे की चिरूट आहे?" वैजयंतीबाई हात पुसत बाहेर आल्या. नोकरीभर सरकारी शाळेत भूगोल शिकवल्यामुळे कुठलीही गोष्ट त्या नकाशासमोर उभं राहिल्यासारखी सांगत. "तू बंगलोरला ट्रेनिंगला होतीस ना मे महिन्यात. तेव्हा लाइट सारखी जात होती. एकदा आली ती अशी धाडकन आली की तुझं ते फ्रिज लाल दिवा लावून गप्पच बसलं. मेकॅनिक म्हणाला, पार्ट यायला वेळ लागेल. मी पेटी काढून बघितली, तर एकाला बारीक भोक, आणि खाली पिठासारखी पूड. सोंडा लागला होता."

"सोंडा नसतो तो. तंबाखूचा किडा वेगळा असतो."

"बरं, त्याचं नाव तू ठेव. मी खालच्या माळ्याकडून पाला मागवला, सावलीत वाळवला आणि घातला. मग पार्ट आला, फ्रिज सुरू झालं, पेटी परत जागेवर. गव्हाला तीस वर्षं घालतेय, एक दाणा गेला नाही माझा."

"मला फोन का नाही केलास?"

"तुझी परीक्षा होती ना तिथे. आणि केला असता तर तू त्या पेटीसाठी विमान पकडून आली असतीस." आई म्हणाली, "खोटं बोलतेय का मी?"

श्रावस्तीने पेटीतलं एक पान उचलून बोटांत चुरडलं. तंबाखूच्या पानात किड्याची अंडी मुळातच असतात आणि थंडाव्यात ती झोपून राहतात, पंचविशीच्या वर पारा गेला की जागी होतात, हे तिनेच आईला एकदा सांगितलं होतं. दिल्लीचा मे महिना, बंद पडलेला कूलर. आईने काही केलं नसतं तर आज पेटीत नुसता भुसा मिळाला असता. हे सगळं बरोबर होतं आणि तरीही ते तिला नको होतं.

"आणि भोकवाला कुठे गेला?"

"मोगऱ्याच्या कुंडीत खुपसला. सगळा मावा गेला बघ. या वर्षी कळ्या किती आल्या होत्या."

हवानाचा चिरूट मोगऱ्याच्या कुंडीत. बाबा असते तर आधी गप्प झाले असते, मग त्यांचे खांदे हलायला लागले असते, आणि मग चष्मा काढून डोळे पुसत त्यांनी बुद्धभूषणकाकांना फोन लावला असता. श्रावस्तीला हे सगळं दिसलं, पण हसू आलं नाही. संध्याकाळी काका येणार होते. म्हणूनच तर तिने पेटी उघडली होती. काका दिल्ली सोडून कायमचे पुलगावला चालले होते, आणि फोनवर त्यांनी एवढंच विचारलं होतं, "बेटा, या आठवड्यात दिवस येईल असं वाटतंय. मी येऊ का?"

दिवस म्हणजे उघड्या पेटीचा दिवस. हा सण कुठल्याही कॅलेंडरवर नव्हता. बाबा, म्हणजे अंबादास, आणि बुद्धभूषण हे दोघं हवामान खात्यात एकाच वर्षी लागलेले, एक भंडाऱ्याकडचा, एक वर्ध्याकडचा. दिल्लीत आल्यावर एकाच खोलीत राहिलेले, एकाच स्टोव्हवर भात करपवलेले, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या राज्याच्या सदनाच्या उपाहारगृहात जाऊन झुणका-भाकर खाऊन, ती गावच्यासारखी नाही म्हणून न चुकता नाराज होऊन परतणारे. श्रावस्ती तिसरीत असताना बाबांना चक्रीवादळांच्या एका प्रशिक्षणासाठी क्यूबात हवानाला पाठवलं होतं. आयुष्यात कधी बिडीलाही हात न लावलेला हा माणूस येताना चिरुटांची एक पेटी घेऊन आला. तिथल्या एका म्हाताऱ्या निरीक्षकाने निरोप देताना ती दिली होती आणि सोबत एकच गोष्ट सांगितली होती: आत सत्तरच्या आसपास आर्द्रता ठेव आणि फार गरम होऊ देऊ नकोस, मग ते तुझ्या मुलीच्या लग्नापर्यंत टिकतील. बाबांना ओढण्यात किती रस होता कोण जाणे, पण हे टिकवण्याचं गणित त्यांना फार आवडलं. कारण दिल्लीची हवा म्हणजे चिरुटाची वैरीण. एप्रिलपासून लू सुटते तेव्हा पंधरा टक्के, ओठ फुटतात, दारांच्या चौकटी आकसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पंच्याऐंशी, कपाटातल्या चपलांवर बुरशी. हिवाळ्यात पहाटे धुकं, आणि घरात हीटर लावला की पुन्हा वाळवंट. या सगळ्यातून एका लाकडी पेटीला सुखरूप न्यायचं. त्यांनी साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत कुंडीच्या खापराचा तुकडा ठेवला, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यातलंच दोन चमचे पाणी त्याला पाजायला सुरुवात केली. आई म्हणायची, "या घरात दोघंच लाडके, एक बॅटरी आणि एक पेटी. मला आपलं नळाचं." उन्हाळ्यात पेटी दिवाणाखाली ओल्या तरटात गुंडाळून, पावसाळ्यात तांदळाच्या कोठीशेजारी. आणि आतला आर्द्रता दाखवणारा छोटा काटा खरं बोलतो की नाही हे बघायला बाबांनी तिला मिठाचा प्रयोग शिकवला होता. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, भिजेल एवढंच पाणी घालायचं, ते आणि काटा एका घट्ट डब्यात बंद करायचे. दुसऱ्या दिवशी काट्याने पंचाहत्तर दाखवलं पाहिजे. "मीठ फार हट्टी असतं," बाबा म्हणायचे. "बाहेर लू असो की धुकं, आपल्या डब्यात ते पंचाहत्तरच ठेवतं." तिला तेव्हा मीठ हे माणसाचं नाव असल्यासारखं वाटलं होतं. पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना त्यामागचं कारण कळलं, पण बाबांचं वाक्य त्या कारणाखाली तसंच राहिलं, नवीन रंगाखाली भिंतीचा जुना रंग असतो तसं.

आणि मग वर्षातून एकदा, पाऊस दिल्लीतून काढता पाय घेतो तेव्हा, सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, एक संध्याकाळ अशी येते की बाहेरची हवा आणि पेटीतली हवा एक होते. घाम येत नाही, ओठही फुटत नाहीत. बाबा ऑफिसातून आणलेलं जुनं उपकरण बाल्कनीत गरागरा फिरवायचे. लाकडी मुठीला दोन तापमापक, एकाच्या पाऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. थांबवून दोन्ही आकडे वाचायचे, मनात वजाबाकी करायचे, आणि फरक हवा तेवढा आला की म्हणायचे, "चला. आज पेटी उघडी ठेवली तरी चालेल." मग काकांना फोन. काका मेट्रोने यायचे, आणि मेट्रो नव्हती तेव्हा दोन बस बदलून. त्या संध्याकाळी झाकण पूर्ण उघडं असायचं, चिरूट आणि माणसं एकाच हवेत बसायची, आणि दोघांत मिळून एक चिरूट पेटवला जायचा. एकच. आई बाल्कनीचं दार ओढून घ्यायची. श्रावस्ती काचेला नाक लावून बघायची: दोन पाठमोरे पुरुष, मध्ये एक लाल ठिपका, इकडून तिकडे जाणारा.

मागच्या वर्षी तो दिवस आला होता. श्रावस्तीला तो चपला घालतानाच कळला होता, गालांना. तिने फोनवर आकडा बघून खात्रीही केली होती. काकांचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "या वर्षी हवा जमलीच नाही काका, एकदम कोरडी झाली." काका म्हणाले, "असं का. बरं." एवढंच. ज्या माणसाने पस्तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ दिल्लीच्या हवेची नोंद घेतली त्याला आपण हवेबद्दल काहीबाही सांगितलं, हे फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं होतं.

संध्याकाळी काका आले ते अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी घेऊन.

"जय भीम वहिनी. ही ठेवा. लिफ्टवाल्याने फार कुरकुर केली, म्हणाला, अंकल, सीढी लेके लिफ्ट में कौन जाता है."

"जय भीम. अहो पण भाऊजी, शिडी कशाला?"

"ट्रकवाला घेत नाही आणि पोरगा म्हणतो पुण्याला नको. पुलगावच्या घराला माळाच नाही, चढू कुठे? तुमच्याकडे पंखे पुसायला होईल." त्यांनी शिडी सोफ्याला टेकवून उभी केली, तिच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि खाली बसले. ते वाळले होते. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. "काय म्हणते आमची सायंटिस्ट? आज किती आहे बाहेर?"

"बासष्ट," श्रावस्ती म्हणाली. "पण काका, चिरुटांना कडुनिंबाचा वास लागलाय. आईने पाला घातला होता किड्यासाठी. ओढण्यासारखे राहिले नाहीत ते."

हे बोलताना आपल्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी आहे हे तिच्या लक्षात आलं. सकाळपासून ती आईवर चिडली होती, पण आता आईचाच पाला तिच्या कामी येत होता. काकांनी हात पुढे केला. तिने पेटी त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी एक चिरूट उचलून नाकाखालून हळूच फिरवला, डोळे मिटले आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"दातवण," ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही अंबादासला हवानाचं दातवण करून दिलंत."

आईही हसली, पण तिचा चेहरा उतरला. "मला काय माहीत ते वास ओढून घेतात म्हणून. मला वाटलं, वाचवावेत."

"वाचवलेतच की. तुम्ही नसतं केलं तर हा डबा झटकून टाकायला लागला असता." काकांनी चिरूट जागेवर ठेवला. "राहू दे बेटा. मागच्या वर्षी पण राहिलंच होतं."

"मागच्या वर्षी?" आईने विचारलं. "मागच्या वर्षी तर भाऊजी तुम्ही आला नव्हतात."

काका पेटीच्या झाकणावरून बोट फिरवत राहिले. मग अगदी सहज, पावसाचा अंदाज सांगावा तसं म्हणाले, "दिवस आला होता. मी आपला आमच्या गच्चीवर जाऊन बसलो थोडा वेळ. छान हवा होती."

आई लेकीकडे बघत होती. त्या बघण्यात रागावणं नव्हतं, आणि म्हणूनच श्रावस्तीला ते सोसवेना. "तीनच उरलेत, काका," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला. "एक जाळला की एक कमी. मग पेटी रिकामी होणार. मग मी काय..."

"हो ना," काका म्हणाले. "जाळले की संपतात. बरोबर आहे तुझं." आणि खरंच बरोबर असल्यासारखं त्यांनी पेटीचं झाकण लावलं, पेटी तिच्या हातात दिली. "वहिनी, चहा टाका. साखर कमी."

ती पेटी घेऊन उभी राहिली. कूलरपाशी गेली, दार उघडलं, आतली थंड हवा तिच्या मनगटांवर आली. ठेवण्याआधी तिने पुन्हा एकदा झाकण किलकिलं केलं आणि नाक खाली नेलं. कडुनिंब. त्याच्या मागे, हट्टाने शोधलं तर, देवदार आणि चामड्याचा पट्टा. तिने डोळे मिटून त्या धाग्याला धरून बाबांपर्यंत जायचा प्रयत्न केला, नेहमी करायची तसा, आणि नेहमीप्रमाणे तिला पेटीच दिसली. दिवाणाखालची पेटी, तरटातली पेटी, तांदळाच्या कोठीशेजारची पेटी. बाबांचे हात दिसले, खापरावर पाणी सोडणारे. त्यापुढे नाही. आणि तिथे, उघड्या कूलरसमोर, तिला आठवली ती वेगळीच गोष्ट. काचेचं दार सरकवून बाबा आत येतात, तिच्या अभ्यासाच्या टेबलापाशी थांबतात, वाकतात, तिच्या वहीतल्या गणितावर बोट ठेवून म्हणतात, "इथे चिन्ह बघ." त्यांच्या स्वेटरमधून, मिशांतून, बोटांतून येणारा वास. जळका, गोड, थोडा चुलीसारखा, थोडा पावसानंतर तापलेल्या रस्त्यासारखा. आई म्हणते, आधी तोंड धुवा. बाबा म्हणतात, धुतो. आणि लगेच धूत नाहीत. तो वास. तो या पेटीत कधीच नव्हता. कसा असेल? न जळलेल्या पानात धूर नसतो. जळताना पानातली साखर तुटते, तेलं फुटतात, शेकडो नवी संयुगं त्याच क्षणी तयार होतात आणि त्याच संध्याकाळी विरून जातात. प्रथम वर्षाच्या पोरालाही कळेल अशी गोष्ट. पावणेदोन वर्षं ती टक्क्याटक्क्याने, अंशाअंशाने सांभाळत होती ती बाबांच्या वासाची सामग्री होती. बाबांचा वास वर्षातून एकदाच तयार व्हायचा, आणि तो तयार करायला दोन माणसं लागायची, त्यातलं एक सोफ्यावर बसून कमी साखरेच्या चहाची वाट बघत होतं.

"काका," ती म्हणाली, "पेटवायचा कसा? तुम्ही माचिस नव्हता ना लावत?"

काकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. "माचिसच्या गंधकाने चव जाते म्हणायचा तुझा बाप. पेटीत पातळ लाकडाचा पापुद्रा असेल बघ, थरांच्या मध्ये. त्याची पट्टी काढ. गॅसवर धर. आणि मग त्या ज्योतीवर हा. ज्योत लावायची नाही, नुसती धग द्यायची. पापड भाजतात तसं."

बाल्कनीत ते तिघं उभे राहिले, कारण खुर्च्या दोनच होत्या आणि कोणी बसेना. समोरच्या टॉवरवर दिवे लागत होते. काकांनी चिरूट बोटांत फिरवत फिरवत भाजला, तोंडाला लावला, एक झुरका घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे. जोरात ओढलं की आणखी कडू होतो, तापतो. हळू. एक झुरका, मग गप्पा, मग दुसरा." त्यांनी तो तिच्याकडे धरला. तिने घेतला. टोक ओलं होतं. तिचं बोट नकळत ते पुसायला गेलं.

"पुसू नको," काका म्हणाले. "मी पण पहिल्यांदा पुसायला गेलो होतो, तेव्हा तुझा बाप असाच ओरडला. आमच्या गावी चहाच्या टपरीवर आमचे कप वेगळ्या खिळ्याला टांगलेले असायचे, वहिनींना माहीत आहे. त्याच्याही गावी. हा म्हणाला, बुद्धा, इथे एकच आहे, दोघांचा. पुसलास तर मी दुसरा पेटवीन, आणि दुसरा परवडणार नाही."

तिने ओढलं. कडुनिंब जिभेवर आला, मग खोकला, मग डोळ्यांत पाणी. धूर तिच्या तोंडातून बाहेर पडला, बाल्कनीत थोडा घुटमळला आणि परत तिच्याच चेहऱ्यावर आला, आणि तेव्हा तो वास आला. कडू कडा असलेला, थोडा बिघडलेला, पण तोच. मिशा, बोटं, वहीवरचं चिन्ह. तिला वाटलं, आता मागे वळून बघितलं तर. ती वळली नाही. ती तशीच कठड्याला धरून उभी राहिली आणि धुराच्या बाजूला तोंड करून राहिली. काका काहीतरी सांगत होते, करपलेल्या भाताबद्दल, पण तिला शब्द नुसते आवाजासारखे ऐकू येत होते, बालपणी काचेपलीकडून यायचे तसे.

"बघू," आई म्हणाली.

दोघांनीही वळून बघितलं. आईने हात पुढे केला होता. काकांनी चिरूट तिच्या बोटांत दिला. तिने तो पेन धरावा तसा धरला, ओठांना लावला, जपून ओढला, आणि खोकत खोकत कठड्यावर वाकली. श्रावस्ती तिची पाठ चोळायला लागली.

"एवढ्यासाठी?" आई श्वास सापडल्यावर म्हणाली. "एवढ्यासाठी या माणसाने माझी तांदळाची कोठी अडवली?" आणि हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. चिरूट मात्र तिने परत दिला नाही. काका म्हणाले, "वहिनी, राख पडू द्या, झटकू नका," आणि तिने आणखी एकदा ओढलं.

चिरूट विझवायचा नसतो, ठेवून द्यायचा आणि आपला आपण विझू द्यायचा, असं काकांनी सांगितलं. मग तो राखदाणीत ठेवून ते तिघं जागचे हलले नाहीत, कोणी आजारी माणूस झोपेपर्यंत थांबावं तसे. जाताना श्रावस्तीने एक चिरूट काकांना द्यायला बघितलं. ते म्हणाले, "पुलगावच्या मे महिन्यात त्याचं लाकूड होईल. इथेच असू दे. पाला नको फक्त घालू, वहिनी." पुढच्या वर्षी येतो असं ते म्हणाले नाहीत. तिने मात्र लिफ्टचं दार लागता लागता सांगितलं की दिवस आला की फोन करीन.

सोमवारी ती मेट्रो बदलून गुडगावला पोचली आणि मानेसरच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसली. रात्री केस धुवायचे नाहीत असं तिने ठरवलं होतं, आणि सकाळपासून वेणीचं टोक पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होती. काही येत नव्हतं. एकाच वासात रात्रभर राहिलं की नाक त्याची दखल घेणं बंद करतं, हे तिला माहीत होतं. वास जागेवरच असतो, आपल्यापुरता नाहीसा होतो. माहीत असूनही ती पुन्हा वास घेऊन बघत होती. शेजारी शिवांगी येऊन बसली. ती तिच्याच विभागातली, गाझियाबादचीच, रोज बसल्या बसल्या झोपणारी. तिने डोकं मागे टेकलं, डोळे मिटले, आणि मग नाक आक्रसून एक डोळा उघडला.

"यार श्रावस्ती," ती म्हणाली, "तेरे बालों से न, किसी के पापा की स्मेल आ रही है."

"अच्छा?" श्रावस्ती म्हणाली. "कैसी है?"

शिवांगीने तिच्या खांद्याशी वाकून नीट वास घेतला. "पता नहीं. जैसे कोई अभी बाहर से अंदर आया हो."

बस हायवेला लागली. शिवांगी झोपली, आणि झोपेत तिचं डोकं श्रावस्तीच्या केसांवर आलं. श्रावस्तीने ते हलू दिलं नाही.